पेनी लिलाव : पुढची बोली लावावी की थांबावं?

मागच्या व्याख्यानात आपण साध्या लिलावाबद्दल बोललो. एक वार, दोन वार, तीन वार झालं, की ज्याची बोली सगळ्यात वरची त्याला वस्तू मिळते, बाकीचे उठून घरी जातात. ज्याला वस्तू मिळाली नाही त्याचे पैसे त्याच्या खिशातच राहतात. हे इतकं उघड आहे की आपण त्याचा वेगळा विचारही करत नाही. आज ज्या लिलावाबद्दल बोलायचं आहे, त्यात नेमकी हीच एक गोष्ट बदलली आहे. आणि ती बदलली, की बाकीचं सगळं गणित उलटं होतं.

याला पेनी लिलाव म्हणतात. अमेरिकेत सेंटच्या नाण्याला बोलीभाषेत पेनी म्हणतात, आणि प्रत्येक बोलीने वस्तूची किंमत एखाद्या सेंटने वाढते, म्हणून हे नाव. प्रकार मोठा झाला तो स्वूपो या कंपनीमुळे. ही मूळची जर्मनीतली. २००५ मध्ये टेलिबिड या नावाने सुरू झाली, २००८ मध्ये तिचं नाव स्वूपो झालं, आणि मार्च २०११ मध्ये तिचं दिवाळं निघालं. तोवर क्विबिड्स, डीलडॅश अशा दुसऱ्या कंपन्या अमेरिकेत उभ्या राहिल्या होत्या. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांपैकी काहींनी टीव्हीवर त्यांच्या जाहिराती पाहिल्या असतील. कुणाला तरी टॅब्लेट वीस-पंचवीस डॉलरला मिळालेला असतो, आणि तो आनंदाने सांगत असतो.

आता हे चालतं कसं ते बघू. आधी बोली विकत घ्याव्या लागतात. स्वूपोवर अमेरिकेत एका बोलीचे साठ सेंट पडत असत, आपण तोच आकडा धरू. लिलाव शून्यापासून सुरू होतो. तुम्ही बटण दाबलं की तुमची एक बोली खर्च होते, वस्तूची किंमत एका सेंटने वाढते, आणि घड्याळात दहा-वीस सेकंदांची भर पडते. घड्याळ शून्यावर येईपर्यंत दुसऱ्या कुणीच बटण दाबलं नाही, तर वस्तू तुमची. तेव्हाची जी किंमत असेल ती भरायची आणि घेऊन जायचं. दुसऱ्या कुणी दाबलं, तर तुमचे साठ सेंट गेले. ते परत येत नाहीत.

समजा, सहाशे डॉलरचा फोन आहे आणि तो वीस डॉलरला गेला. पडद्यावर ठळक अक्षरांत येतं, की ९७ टक्के बचत! पण किंमत एकेका सेंटने वाढत वीस डॉलरवर यायची तर दोन हजार बोली लागल्या असणार. दोन हजार गुणिले साठ सेंट, म्हणजे बाराशे डॉलर. वरचे वीस धरून सहाशेच्या फोनमागे कंपनीकडे १,२२० डॉलर जमा झाले. जिंकणाऱ्याने यातल्या तीनशे बोली लावल्या असतील, तर त्याचे १८० अधिक २०, म्हणजे दोनशे डॉलर गेले. तरी चारशे वाचले, त्याची तक्रार नाही. उरलेल्या सतराशे बोली, म्हणजे १,०२० डॉलर, हे ज्यांच्या हाती काहीच आलं नाही त्यांचे. ती ९७ टक्क्यांची बचत मोजताना जिंकणाऱ्याच्या स्वतःच्या बोलींचा खर्चसुद्धा धरलेला नसतो, हेही ध्यानात घ्या.

या प्रकाराचा पूर्वज अर्थशास्त्रात सगळ्यांना माहीत आहे. मार्टिन शुबिक यांनी १९७१ मध्ये एका खेळावर निबंध लिहिला. एक डॉलरची नोट लिलावाला काढायची. जास्त बोली लावणाऱ्याला नोट मिळेल, पण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसालाही आपली बोली भरावी लागेल, आणि त्याला मिळणार काहीच नाही. सुरुवातीला मजा वाटते. पण समजा एकाची बोली ९५ सेंट आहे आणि दुसऱ्याने एक डॉलर म्हटलं. आता पहिला विचार करतो, थांबलो तर ९५ सेंट बुडाले. १०५ म्हणालो आणि जिंकलो तर फक्त पाचच बुडतील. म्हणून तो एका डॉलरच्या नोटेसाठी १०५ सेंट म्हणतो. मग दुसराही तोच विचार करतो. अशी ही चढाओढ, प्रत्येक पाऊल त्या त्या क्षणी शहाणपणाचं वाटतं आणि दोघंही मिळून खड्ड्यात जातात.

पेनी लिलाव याच घराण्यातला आहे, पण एक फरक आहे आणि तो आपल्याला उपयोगी पडतो. शुबिकच्या खेळात पैसे शेवटी भरायचे असतात, त्यामुळे वर चढून आधीचं नुकसान कमी करता येण्याची शक्यता तरी असते. पेनी लिलावात प्रत्येक बोलीचे पैसे त्याच क्षणी जातात. ते थांबलात तरी गेले, पुढे खेळलात तरी गेले. म्हणून डावपेचांची सगळी चर्चा एका प्रश्नावर येऊन ठेपते. आतापर्यंत काय झालं ते सोडा, माझी *यापुढची एक* बोली साठ सेंटांच्या लायकीची आहे का?

याचं उत्तर काढायला भागाकार पुरतो. फोनची किंमत सहाशे. सध्याची किंमत अगदी कमी, दोन-चार डॉलर. माझी ही बोली शेवटची ठरली तर मला जवळजवळ सहाशे डॉलरचा फायदा. तर मग ती शेवटची ठरण्याची शक्यता किती असायला हवी? साठ सेंट भागिले सहाशे डॉलर, म्हणजे हजारात एक. शक्यता याहून जास्त असेल तर बोली लावावी, कमी असेल तर लावू नये. किंमत पन्नास डॉलरवर पोचली की फायदा साडेपाचशेचाच उरतो, मग साधारण नऊशे सतरात एक एवढी शक्यता हवी. किंमत जशी चढेल तशी ही अट थोडी थोडी कडक होत जाते.

अर्थात ही शक्यता समोरच्यांवर अवलंबून आहे, आणि समोरचेही हाच हिशेब करत असतात. सगळे जण पक्के हिशेबी असते तर काय झालं असतं? बोली फायद्याची असेल तर आणखी माणसं येतील, आणि तिची जिंकण्याची शक्यता घटेल. तोट्याची असेल तर माणसं गळतील, शक्यता वाढेल. शेवटी सगळं अशा जागी येऊन थांबेल जिथे प्रत्येक बोलीचा सरासरी फायदा शून्य. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले नेड ऑगेनब्लिक यांनी हे नीट सिद्ध करून दाखवलं आहे. लिलाव लगेच संपला नाही, तर समतोलात प्रत्येक बोलीचा अपेक्षित नफा शून्यच असतो.

इथून एक गोष्ट निघते, ती बहुतेकांना पटायला जड जाते. या हिशेबी जगात लिलावाला आठवण नसते. पाचशे बोली झाल्या म्हणून तो 'आता संपतच आला' असं काही नाही. पुढची बोली शेवटची असण्याची शक्यता तेव्हाही जवळजवळ हजारात एकच. छापा-काटा करताना पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्यांदा काटा पडायला तो बांधील नसतो, तसंच हे. 'एवढा वेळ थांबलो, आता सगळे दमले असतील' हे वाक्य मनात आलं की समजावं, आपण हिशेब सोडून आशेवर आलो.

पण खरी माणसं हिशेबी नसतात, आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते. ऑगेनब्लिक यांनी १,६६,००० लिलावांची आकडेवारी तपासली. त्यांचा निबंध २०१६ मध्ये छापून आला. हिशेबानुसार कंपनीचा नफा शून्याच्या आसपास हवा होता, प्रत्यक्षात तो सरासरी पन्नास टक्क्यांहून जास्त निघाला. म्हणजे लोक लायकीपेक्षा फारच जास्त बोली लावत होते. का? त्यांचं उत्तर आहे बुडीत खर्चाचा मोह. घातलेले पैसे गेलेले असतात, तरी मन म्हणतं, आता सोडलं तर ते वाया जातील. आपल्याकडे पडेल सिनेमाचं तिकीट काढलेला माणूस मध्यंतरानंतरही बसून राहतो, तीच ही वृत्ती. दोन माणसं एकाच लिलावात आहेत, एकाने शंभर बोली घातल्यात, दुसरा आत्ताच आला आहे. पुढच्या बोलीचा भाव आणि तिची शक्यता दोघांना सारखीच आहे. तरी पहिला थांबू शकत नाही. दुसऱ्याला थांबणं अगदी सोपं असतं.

आता यातून डावपेचाचा पहिला धडा असा निघतो, की लिलाव जितका लांबतो तितके त्यात अडकलेले लोक जास्त. सुरुवातीला, कुणाचंच फारसं गुंतलेलं नसतं तेव्हा, माणसं सहज सोडून जातात आणि प्रत्यक्षातली शक्यता हिशेबातल्या शक्यतेच्या जवळपास असते. पुढे पुढे राहिलेले सगळे शंभर-दोनशे बोली घालून बसलेले. ते हलत नाहीत, लिलाव संपण्याची शक्यता हिशेबाच्या खाली जाते, आणि प्रत्येक बोली अधिक तोट्याची होते. 'आधी नुसतं बघा, सगळे दमल्यावर शेवटी उडी घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. तो नेमका उलटा आहे. शेवटी जे उरतात ते दमलेले नसतात, चिकटलेले असतात.

दुसरा लोकप्रिय सल्ला म्हणजे शेवटच्या सेकंदाला बोली लावा. हा ईबेच्या लिलावातून आलेला. तिथे लिलाव ठरलेल्या वेळी बंद होतो, म्हणून अगदी शेवटी बोली लावली तर दुसऱ्याला उत्तर द्यायला वेळ उरत नाही. पेनी लिलावात तुमच्या बोलीनेच घड्याळ पुढे जातं, तर शेवटचा सेकंद आणायचा कुठून? उलट तोटाच जास्त. पाच जण बरोबर शेवटच्या सेकंदाची वाट बघत बसले, तर पाचही जण एकदम दाबतात, पाचही बोली खर्च होतात आणि त्यातली एकच वर राहते. त्यात इंटरनेट अर्धा सेकंद अडकलं की संपलंच.

मग उलटं केलं तर? म्हणजे समोरच्याने बोली लावली रे लावली, की लगेच, घड्याळात भरपूर वेळ असताना, आपण लावायची. हे बघायला वेडेपणाचं वाटतं, पण यात मुद्दा आहे. यातून आपण समोरच्याला सांगत असतो, की मी हटणार नाही, तू कशाला पैसे घालवतोस? ऑगेनब्लिक यांच्या आकडेवारीत अशा आक्रमक बोलींचा परतावा इतर बोलींपेक्षा बरा दिसतो, आणि अनुभवी खेळाडू त्या जास्त वापरतात. पण ही दहशत आहे, आणि दहशतीचा नियम असा की ती घाबरणाऱ्यावरच चालते. दोन आक्रमक खेळाडू समोरासमोर आले तर शुबिकची नोट आठवा. शिवाय ही दहशत बसवायला आधी बरेच लिलाव खेळून आपलं टोपणनाव लोकांच्या लक्षात राहील असं करावं लागतं. त्यासाठी जे पैसे जातात ते कुणी मोजत नाही.

समोर कोण आहे हा विषय जरा सविस्तर बघायला हवा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आपण धरून चाललो, की प्रत्येकाला बोली साठ सेंटांना पडते. तसं नसतं. या कंपन्या बोलींचे पुडकेसुद्धा लिलावाला काढतात. तुम्ही पूर्ण भावाने घेतलेल्या बोली घेऊन उतरलात आणि समोरच्याने लिलावात पुडकं मारून वीस सेंटांच्या भावाने घेतलेल्या, तर तो तुमच्या तिप्पट वेळ टिकेल, आणि तरीही त्याचा हिशेब बरोबरच असेल. जॉन बायर्स, मायकेल मिट्झेनमाखर आणि जॉर्जिओस झर्वास यांनी २०१० मध्ये स्वूपोवर अभ्यास केला, त्यांचा भर याच गोष्टीवर आहे. कुणाची बोली कितीला पडली आणि मुळात किती जण खेळताहेत, याचा अंदाज जरासा चुकला तरी कंपनीचं उत्पन्न भराभर वाढतं. पडद्यावर फक्त अलीकडच्या थोड्या बोली दिसतात. त्यात दोनच नावं दिसली म्हणून खेळणारे दोनच, असं नव्हे. बाकीचे काठावर बसलेले असतात.

काही ठिकाणी तर समोरचा माणूसच नसतो. कंपनीच स्वयंचलित खोट्या बोली लावते, अशा तक्रारी अमेरिकेत झाल्या आहेत, आणि बाहेर बसलेल्याला ते ओळखण्याचा खात्रीचा मार्ग नाही. अशा ठिकाणी कुठल्याही डावपेचाला अर्थच उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना सावध करताना पेनी लिलावाला लिलावापेक्षा लॉटरीच्या जवळ नेऊन बसवलं.

आता 'थेट खरेदी'कडे येऊ. क्विबिड्ससारख्या ठिकाणी लिलाव हरलात, तरी घातलेल्या बोलींचे पैसे वळते करून ती वस्तू छापील भावाने घेता येते. वरवर पाहता आपला बुडीत खर्च बुडीत राहिलाच नाही! सोय खरी आहे, नाही असं नाही. पण दोन प्रश्न विचारायचे. पहिला, ही वस्तू मी एरवी घेणारच होतो का? मिक्सर नको असेल तर ही सोय म्हणजे हरल्याच्या रागात मिक्सर घरी आणणं. दुसरा, छापील भाव बाजारभावाइतका आहे का?

समजा छापील भाव १२० डॉलर, आणि तीच वस्तू दुकानात ९५ ला मिळते. तुम्हाला ती हवीच आहे. म्हणजे हरून थेट खरेदी केलीत तर पंचवीस डॉलर जास्त गेले. हाच तुमचा खरा डाव. १२० डॉलरमध्ये दोनशे बोली येतात. जिंकलात तर सरासरी त्यातल्या निम्म्या खर्च झालेल्या असतील असं धरा, म्हणजे साठ डॉलर, वर वस्तूची किंमत पाचेक डॉलर. पासष्टला वस्तू मिळाली, दुकानाच्या मानाने तीस वाचले. जिंकलो तर तीस मिळणार, हरलो तर पंचवीस जाणार. हा सौदा परवडायला जिंकण्याची शक्यता ४५ टक्क्यांहून जास्त हवी. दहा-पंधरा जण खेळत असतील तर ती कुठून येणार? छापील भाव आणि बाजारभाव अगदी सारखे असतील तरच हा खेळ जवळजवळ फुकट होतो.

पण तो फुकट झाला, की समोरच्यालाही फुकट होतो. ज्याला वस्तू घ्यायचीच आहे आणि ज्याने १२० पैकी ८० डॉलर घातले आहेत, त्याला आता थांबण्याचं काही कारणच नाही. त्याच्या उरलेल्या चाळीस डॉलरच्या बोली तशाही भावात वळत्या होणार. हा बुडीत खर्चाचा मोह नव्हे, त्याचा हिशेब सरळ आहे. म्हणून अशा ठिकाणी समोरच्याने किती बोली घातल्यात याची नोंद ठेवावी. ज्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या त्याच्याशी झुंजू नये, तो शेवटपर्यंत येणार. आणि बक्षीस म्हणून मिळालेल्या फुकट बोली वळत्या होतात का, हे नियमांत आधी वाचावं. बऱ्याचदा होत नाहीत.

मग पैसे कुणी कमावतच नाही का? कमावतात. झोंगमिन वांग आणि मिनबो शू यांच्या अभ्यासात दिसतं, की थोडे, अगदी थोडे, मुरलेले खेळाडू चांगला फायदा करून घेतात. नवे आलेले बहुतेक सगळे थोडेबहुत पैसे घालवतात आणि लवकरच निघून जातात. म्हणजे हा धंदा चालायला दारातून सतत नवी माणसं आत यायला हवीत. ही भूक किती मोठी असते ते झीक रिवॉर्ड्सच्या प्रकरणात दिसलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या रेक्स व्हेंचर ग्रुपने झीकलर नावाचा पेनी लिलाव काढला आणि त्याच्या नफ्यात वाटा देतो म्हणून लोकांकडून पैसे घेतले. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने ते बंद पाडलं. सुमारे साठ कोटी डॉलर आणि दहा लाखांच्या आसपास माणसं त्यात होती. वाटलेले पैसे जवळजवळ सगळे नव्या गुंतवणूकदारांचेच होते, लिलावाचे नव्हेत. चालक पॉल बर्क्स याला २०१७ मध्ये चौदा वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. हे पेनी लिलावाचं सर्वसाधारण रूप नाही, पण तिथेही सगळं नव्या माणसांवरच चाललं होतं.

एका श्रोत्याने आधीच लिहून विचारलं आहे, की मी तीस बोलींची मर्यादा घालून खेळलो तर चालेल का? चालेल, पण त्यातून काय मिळतं ते समजून घ्या. हजारात एक या शक्यतेने तीस बोलींत जिंकण्याची शक्यता तीन टक्के, आणि ९७ टक्के वेळा अठरा डॉलर गेले. मर्यादेने शक्यता वाढत नाही, नुकसान बांधलं जातं. ती मर्यादा लिलाव सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहा, आणि पुडकं तेवढंच घ्या, कारण खात्यात पडलेल्या बोली आपल्याला पैसे वाटतच नाहीत. मनात त्या आधीच खर्च झालेल्या असतात. त्या तीस बोली लांबलेल्या लिलावात एकदम ओतण्यापेक्षा, जिथे खेळ नुकताच सुरू झाला आहे आणि वस्तू फारशी झगमगती नाही, तिथे लावा. फोन आणि टॅब्लेटवर गर्दी जास्त असते.

त्याच श्रोत्याचा दुसरा प्रश्न, की मग वस्तू सोडून बोलींचं पुडकंच लिलावात घ्यावं का? शंभर बोलींच्या पुडक्याची किंमत कंपनी साठ डॉलर लावते आणि 'बचत' त्यावरून मोजते. पण एका बोलीतून सरासरी किती परत येतं यावर त्या पुडक्याची लायकी ठरते. समजा, चाळीस सेंट येतात. तर पुडकं चाळीस डॉलरचं झालं. वर केलेला सगळा हिशेब साठच्या जागी चाळीस घालून पुन्हा करायचा. पुडकं चार डॉलरवर आलं असेल तर उरले छत्तीस. साठ सेंट भागिले छत्तीस, म्हणजे साठात एक. तुमची बोली शेवटची ठरण्याची शक्यता एवढी आहे असं वाटत असेल, तर लावा.